सर्टिफिकेट शेवटी, शेड आधी

आपल्या पॉवरलूमच्या गावांत अलीकडे एक नवा सवाल ऐकू येतो. माल घेणारा व्यापारी भाव विचारतो, मीटर विचारतो, डिलिव्हरीची तारीख विचारतो आणि मग सहज म्हणून विचारतो, "सेठ, कारखान्याचे सेफ्टी सर्टिफिकेट आहे का?" पूर्वी हा सवाल परदेशात माल पाठवणाऱ्या मोठ्या गिरण्यांपुरता होता. आता तो टॉवेल, चादर आणि ग्रे कापड पुरवणाऱ्या लहान कारखानदारापर्यंत येऊन पोहोचला आहे. कारण सरळ आहे. परदेशातला दुकानदार ज्याच्याकडून माल घेतो त्याला विचारतो, तो आपल्या पुरवठादाराला विचारतो आणि या साखळीच्या शेवटच्या कडीला आपला माग उभा आहे.

या सवालाला आपले बांधव दोन प्रकारे जवाब देतात. काहीजण म्हणतात, "ही मोठ्यांची कामे, आपल्याला काय करायचे?" आणि ऑर्डर सोडून देतात. दुसरे विचारतात, "कुठे मिळते ते सांगा, किती पैसे लागतील ते बोला." पहिल्या जवाबात धंद्याचे नुकसान आहे. दुसऱ्या जवाबात त्याहून मोठे नुकसान आहे, असे माझे मत आहे. तीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या धंद्यात काढल्यानंतर आणि अनेक शेड आतून पाहिल्यानंतर हे मत बनले आहे. सर्टिफिकेट घ्यावे की नाही हा नंतरचा प्रश्न आहे. आधी शेड त्या लायकीचे करावे, आणि ते काम चोवीस मागांच्या कारखानदारालाही जमण्यासारखे आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

प्रथम हे सर्टिफिकेट म्हणजे काय ते समजून घेऊ. कामाच्या जागेवरील आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी १९९९ साली ओएचएसएएस १८००१ नावाची पद्धत आली. २००७ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. मार्च २०१८ मध्ये आयएसओ ४५००१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि जुनी पद्धत मागे पडली. तेव्हा आज कोणी १८००१ चे सर्टिफिकेट विकायला आला तर तो बंद झालेले नाणे विकतो आहे, हे ओळखावे. दुसरी गोष्ट, आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही सर्टिफिकेट देत नाही. ती फक्त मानक लिहिते. तपासणी करून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. सर्टिफिकेटाची मुदत तीन वर्षांची असते आणि मधल्या काळात दरवर्षी तपासणी होते. आणि तिसरी, हे सर्टिफिकेट घेण्याची कायद्याने सक्ती नाही. कायदा पाळणे मात्र सक्तीचे आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

आता कागद विकत घेण्याचा परिणाम काय होतो ते पाहू. कराचीच्या बलदिया भागात अली एंटरप्रायझेस नावाचा तयार कपड्यांचा कारखाना होता. माल युरोपला जात असे. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याला एसए ८००० हे सर्टिफिकेट मिळाले. या सर्टिफिकेटात कामगारांच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा स्वतंत्र भाग आहे. काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, त्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. पुढे २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने ही आग खंडणीसाठी मुद्दाम लावली गेली असा निकाल दिला आणि दोघांना फाशीची सजा सुनावली. म्हणजे आग लावणारा गुन्हेगार होता हे ठरले. पण आग कोणीही लावलेली असो, उघडा दरवाजा असता तर माणसे बाहेर आली असती. त्या कारखान्याकडे सर्टिफिकेट होते, वाट नव्हती.

हे दूरच्या मुलखातले म्हणून सोडून देता येणार नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जण मरण पावले. त्यांत कारखान्याचे वयोवृद्ध मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती, लहान मूल होते आणि कामगारही होते. प्राथमिक अंदाज शॉर्ट सर्किटचा वर्तवला गेला. मालक आणि कारागीर एकाच आगीत गेले. आपल्या गावांत खाली माग, वर राहणे, जिन्याखाली सुताची पोती, माळ्यावर कारागिरांची झोपण्याची जागा, हे चित्र घरोघरी आहे. सुरक्षितता म्हणजे कामगारावर केलेला उपकार असे ज्यांना वाटते त्यांनी सोलापूरचा हिशेब मांडून पाहावा.

तयारीची सुरुवात शेडमधून होते, ऑफिसातून नव्हे. एक दिवस मालकाने, मुकादमाने आणि दोन अनुभवी कारागिरांनी मिळून पूर्ण शेड फिरावे आणि एका वहीत धोके लिहावेत. आपल्या शेडमध्ये काय सापडेल ते सांगायला मोठ्या इंजिनिअरची गरज नाही.

पहिली गोष्ट आवाज. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबल आवाजात आठ तास, ९५ मध्ये चार तास आणि १०० मध्ये दोन तास अशी मर्यादा आहे. धोट्याच्या जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० च्या वर जातो आणि आपला कारागीर बारा तासांची पाळी करतो. चाळिशीतला कारागीर घरी मोठ्याने बोलतो आणि बायको-मुलांना वाटते अब्बा रागावले. ते रागावलेले नसतात, त्यांना ऐकू येत नसते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

दुसरी गोष्ट धूळ. कापसाच्या धुळीने छातीचा बिसिनोसिस नावाचा आजार होतो. पिंजण आणि कताईच्या खात्यात त्याचा जोर जास्त असतो, पण धूळ साचलेल्या कांडी आणि वार्पिंगच्या खोलीतही जपून राहावे लागते. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, पुढच्या दिवसांत बरे वाटते. रविवारी सुट्टी असणाऱ्या देशांत डॉक्टर म्हणूनच सोमवारी काय होते ते विचारतात. मालेगावात जुम्म्याची सुट्टी असते, तेव्हा आपण शनिवारी विचारले पाहिजे. "शनिवारी दम लागतो का?" एवढा एक सवाल मुकादमाने महिन्यातून एकदा विचारला आणि जवाब वहीत लिहून ठेवला तर आजार लवकर हाती लागेल.

तिसरी गोष्ट यंत्र. मागाचा उडालेला धोटा डोळ्याला लागतो. मोटारीच्या पट्ट्यात लुंगीचे टोक किंवा बाही अडकते. चालू माग साफ करताना बोटे जातात. चौथी गोष्ट वीज. उघड्या जोडण्या, फ्यूजच्या जागी घातलेली जाड तार, मीटरच्या खोलीत ठेवलेली रद्दी. पाचवी साईझिंगचा बॉयलर. त्याची सरकारी तपासणी वेळेवर झाली आहे का, सेफ्टी व्हॉल्व्ह काम करतो का, चालवणारा परवानाधारक आहे का? आणि सहावी, बाहेर पडण्याची वाट. रात्रपाळीत चोरीच्या भीतीने बाहेरून कुलूप लावण्याची चाल काही ठिकाणी अजून आहे. ही एक चाल आज रात्रीपासून बंद झाली पाहिजे. त्याला ना पैसा लागतो, ना सल्लागार.

वही भरल्यावर उपाय. आयएसओ ४५००१ मध्ये उपायांची उतरंड ठरलेली आहे आणि ती मोठ्या शहाणपणाची आहे. धोका मुळातून काढता येतो का ते आधी पाहा. नाही तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणता येते का पाहा. ते जमले नाही तर यंत्रालाच आडोसा करा. त्यानंतर नियम आणि तालीम. सर्वांत शेवटी कानातले बोळे, तोंडावरचा मास्क, हातमोजे. आपल्याकडे याच्या नेमके उलटे होते. तपासणीच्या आदल्या दिवशी मास्कचे खोके येते, फोटो निघतो आणि खोके कपाटात जाते. बिनधोट्याचे रॅपियर माग आले तर धोटा उडण्याचा धोकाच संपतो, पण ते सगळ्यांच्या ऐपतीत नाही, हे मान्य. पट्ट्यावर जाळी बसवणे तर ऐपतीत आहे. मागावर धोटा अडवणारा गार्ड बसवणे आहे. सुताची पोती जिन्याखालून हलवणे आहे. हवेच्या नळीने धूळ उडवण्याऐवजी ती ओढून घेणारे यंत्र चार कारखान्यांनी मिळून घेणे आहे.

मग कारागिराची तालीम. भिवंडी आणि मालेगावच्या शेडमध्ये उत्तर प्रदेश, बिहारचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी इंग्रजीत छापलेला चकचकीत तक्ता लावून काय उपयोग? आयएसओ कागद कोणत्या भाषेत असावेत याची अट घालत नाही. ज्याला समजायचे आहे त्याला समजले पाहिजे, ही अट आहे. सूचना उर्दूत लिहा, हिंदीत लिहा, मराठीत लिहा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र काढा. वर्षातून दोनदा आगीची रंगीत तालीम घ्या. घंटा वाजल्यावर सगळे बाहेर यायला किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून पाहा आणि तारखेसह लिहा.

अपघाताची वहीदेखील प्रामाणिक हवी. बोट कापले तर ते लिहायचेच. पण धोटा उडाला आणि कोणाला लागला नाही, तेही लिहायचे. आज भिंतीवर आदळलेला धोटा उद्या डोळ्यावर आदळणार आहे, आणि त्याची आगाऊ खबर फुकट मिळाली आहे. यासाठी कारागिराला एक भरोसा द्यावा लागतो की सांगितल्याबद्दल त्याची पगारी कापली जाणार नाही, त्याला कामावरून काढले जाणार नाही. कारागिरांचे म्हणणे ऐकणे आणि निर्णयात त्यांना सामील करणे, हे या मानकात खास लिहून ठेवलेले आहे. तपासायला येणारा ऑडिटर मालकाला बाजूला ठेवून कारागिराशी बोलतो. पढवलेला जवाब आणि खरा जवाब यातला फरक त्याला दोन मिनिटांत कळतो.

आता सर्वांत कडू गोष्ट. सगळ्यांना माहीत असते पण कोणी छापत नाही. एकच शेड, एकच वीज, एकच मालक. पण कागदावर दहा माग स्वतःच्या नावे, दहा भावाच्या, दहा बायकोच्या. कशासाठी? कामगारांची संख्या कायद्याच्या रेषेखाली दिसावी म्हणून. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी ही रेषा आज वीस कामगारांची आहे आणि ईएसआयसाठी दहाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या आहेत. त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देण्याची आणि चाळिशी ओलांडलेल्यांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करण्याची बाब आली आहे. सर्टिफिकेटाच्या तपासणीत ऑडिटर पहिल्यांदा हेच विचारतो की तुम्हाला कोणते कायदे लागू आहेत आणि ते पाळल्याचा पुरावा काय? हजेरीपटावर आठ नावे आणि शेडमध्ये अठ्ठावीस माणसे असतील तर पुढच्या सगळ्या फायली बेकार आहेत.

यात फसवणूक ऑडिटरची होते असे समजू नये. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचा हात गेला तर ईएसआयचा दवाखाना त्याला ओळखत नाही. त्याच्या घरच्यांना पेन्शन मिळत नाही. मग मालक दहा-वीस हजार हातात देतो, गावच्या गाडीत बसवून देतो आणि बाब मिटली म्हणतो. ती मिटलेली नसते. कारागिराचा हात, डोळा, छाती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. अमानत जशी घेतली तशी परत करायची असते, आणि तिचा हिशेब लेबर ऑफिसपुरता नाही, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. म्हणून तयारीची पहिली पायरी विचाराल तर माझा जवाब हाच राहील: उद्या सकाळी हजेरीपट खरा करा.

"एवढे सगळे करायला पैसा कुठून आणायचा? मीटरमागे पैशांत नफा राहतो," हा आक्षेप मी रोज ऐकतो आणि तो खोटा नाही. सुताचे भाव वरखाली होतात, विजेचे बिल वाढते, ग्रे कापडाचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. पण खर्चाची यादी नीट मांडली तर तिचे तीन भाग पडतात. पहिला बिनखर्चाचा: कुलूप काढणे, वाट मोकळी करणे, हजेरीपट, अपघाताची वही, शनिवारचा सवाल. दुसरा थोड्या खर्चाचा: जाळ्या, गार्ड, वायरिंगची दुरुस्ती, अग्निशामक सिलिंडर भरून घेणे. तिसरा मोठ्या खर्चाचा: नवे माग, नवी इमारत, धूळ ओढण्याची यंत्रणा. पहिल्या दोन भागांनीच बहुतेक जीवघेणे धोके कमी होतात. तिसऱ्या भागाच्या नावाने पहिले दोन अडवून ठेवणे ही पळवाट आहे.

लहान कारखानदारासाठी एक मधली पायरीही आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठी झेड सर्टिफिकेटाची योजना नव्या रूपात आणली. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे तिचे तीन दर्जे ठेवले गेले. ब्राँझसाठी पाच बाबी ठरवल्या, त्यांत कामाच्या जागेची स्वच्छता आणि सुरक्षितता या दोन आहेत. फी ब्राँझला दहा हजार, सिल्व्हरला चाळीस हजार आणि गोल्डला नव्वद हजार रुपये ठरली आणि त्यात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघू उद्योगाला ६० टक्के सवलत ठेवली गेली. उद्यम नोंदणी असलेल्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याच्या सवलतीची चौकशी करावी. झेड म्हणजे आयएसओ ४५००१ नव्हे, परदेशी गिऱ्हाईक तेवढ्यावर मानेलच असेही नाही. पण वही ठेवण्याची, जागा नीट करण्याची सवय त्यातून लागते, आणि पुढची तपासणी सोपी जाते.

ज्याला खरोखर आयएसओ ४५००१ घ्यायचे आहे त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. एक, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला मान्यता आहे का? भारतात ही मान्यता क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे एनएबीसीबी हे मंडळ देते. दोन, तयारी करून देणारा सल्लागार आणि तपासणी करणारी संस्था एकच तर नाही ना? जो शिकवतो त्यानेच परीक्षा घेतली तर निकालाची किंमत काय? तीन, तो शेड पाहायला येतो का? खरी तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी कागद आणि तयारी पाहतात, मग प्रत्यक्ष काम. त्याआधी आपण स्वतः एकदा आतली तपासणी करून चुका दुरुस्त कराव्यात. व्हॉट्सॲपवर फोटो मागवून दोन दिवसांत सर्टिफिकेट पाठवणारे आपल्या गावांत फिरत आहेत. त्यांचा कागद जाणत्या गिऱ्हाईकासमोर टिकत नाही, आणि अपघात झाला तर तोच कागद मालकाच्या विरुद्ध साक्ष देतो की धोका माहीत होता आणि तरी काही केले नाही.

एकट्याने हे कठीण जाते, हे खरे. पण आपल्या प्रत्येक गावात पॉवरलूम मालकांच्या संघटना आहेत. वीजदरासाठी त्या मोर्चे काढतात, सुताच्या भावासाठी मंत्र्यांना निवेदने देतात. त्याच संघटनांनी एक आवाज मोजण्याचे यंत्र घ्यावे आणि आळीपाळीने वापरायला द्यावे. एक जाणकार वायरमन ठरवून शंभर शेडचे वायरिंग तपासून घ्यावे. कारागिरांच्या छातीची आणि कानांची तपासणी वर्षातून एकदा शिबीर लावून करावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्याला छाप्याच्या वेळी भेटण्यापेक्षा आधी बोलवावे आणि सल्ला मागावा. एक गल्ली तयार झाली की शेजारची गल्ली आपोआप पाहायला येते.

व्यापाऱ्यांनाही दोन शब्द, कारण मी त्यांच्यातलाच आहे. आपण मीटरमागे दहा पैसे तोडतो आणि त्याच श्वासात सेफ्टीचा कागद मागतो. हे दोन्ही एकत्र चालणार नाही. ज्या कारखानदाराने शेड नीट केले आहे त्याला नियमित ऑर्डर आणि वेळेवर पैसे देणे, ही आपली जिम्मेदारी आहे. पैसे वेळेवर मिळाले तर त्याला रात्रपाळी ओढून ताणून चालवावी लागत नाही, आणि दमलेला कारागीर हाच शेडमधला सर्वांत मोठा धोका असतो.

तेव्हा सर्टिफिकेटाचा फॉर्म भरण्याआधी एक वही घ्या आणि तीन पाने भरा. पहिल्या पानावर शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचे खरे नाव. दुसऱ्यावर शेडमधले धोके, कारागिराला विचारून. तिसऱ्यावर या महिन्यात बिनपैशात काय काय दुरुस्त केले ते, तारखेसह. ज्याची ही तीन पाने खरी आहेत त्याला ऑडिटरची भीती बाळगायचे कारण नाही. ज्याची खोटी आहेत, त्याने फॉर्म भरण्याची घाई करू नये.